चारकोप ते भांडुप, सातवीच्या एका प्रश्नापायी

चारकोपहून भांडुपला जाऊन आल्याचं मी सोसायटीत सांगितलं, तर समोरच्या शिर्के वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "राहायची सोय कशी होती?" त्यांना हसण्यात अर्थ नाही. मी स्वतः बोरिवलीत जन्मले, कांदिवलीत शिकले, चारकोपच्या सेक्टरात संसार केला आणि तिथल्याच मराठी शाळेत तीस वर्षं गणित-विज्ञान शिकवतेय. नॅशनल पार्कच्या डोंगरापलीकडेही माणसं राहतात हे मला नकाशावरून ठाऊक होतं. केरळ बघून झालं, काश्मीर झालं, एकदा दुबईसुद्धा झाली. भांडुप तेवढं राहिलं होतं.

हे लिहितेय ते डोंगराच्या या बाजूला जन्म काढलेल्यांसाठी. पलीकडच्यांच्या हाती पडलं तर त्यांनी हसून सोडून द्यावं.

निघायचं कारण असं झालं. पालकसभेत एका आईने आमच्या मुख्याध्यापिका राणे बाईंना विचारलं, की दुसऱ्या शाळांत वयात येणाऱ्या मुलांसाठी खास अभ्यासक्रम असतो, तुमच्याकडे सहावी ते आठवीला काय आहे? राणे बाई ठामपणे म्हणाल्या, "आहे ना." मग स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी तो कोण तयार करतंय याची चौकशी केली. सगळ्यांना एकदम वह्या तपासायचं आठवलं. माझ्या वह्या नेमक्या तपासून झाल्या होत्या, आणि पीटीच्या सावंत सरांना वह्याच नसतात, म्हणून समिती आम्हा दोघांची झाली. तीन दिवस, तीन शाळा बघायच्या आणि सोमवारी आराखडा टेबलावर. तो पटला नाही तर राणे बाईंचा स्वतःचा आराखडा तयारच होता, दर शनिवारी गणिताची जादा चाचणी. मुलं रिकामी राहिली नाहीत की वयात येत नाहीत, असा त्यांचा विश्वास आहे.

सावंत सर मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते. गेली कित्येक वर्षं ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. चूक माझी आहे. परीक्षा जवळ आली की मी त्यांचा पीटीचा तास गणिताला घेते. म्हणजे मागत नाही, घेते.

मला मात्र या प्रवासातून वेगळंच काही हवं होतं. महिन्यापूर्वी सातवीला पचनसंस्था शिकवत होते. फळ्यावर लाळग्रंथी, जठरग्रंथी अशी यादी चालली होती. दुसऱ्या बाकावरच्या सानिका तांबेने हात वर केला. तिचा हात तसा कायम वरच असायचा, शंका नसली तरी सवयीने. म्हणाली, "बाई, कधी कधी विनाकारण रडू येतं, ते कुठल्या ग्रंथीमुळे?" माझे दोन धडे मागे होते आणि चाचणी आठवड्यावर आली होती. मी फळ्याकडेच तोंड ठेवून म्हटलं, "ते परीक्षेला नाही." वर्ग हसला. मीही हसले, हे सांगायची लाज वाटते.

त्या दिवसापासून सानिकाचा हात वर आलेला नाही. विचारलं तर उभी राहते, बरोबर उत्तर देते, खाली बसते. तीस वर्षांत माझ्या वर्गातले किती हात असे खाली गेले असतील देव जाणे, पण हा जाताना मी पाहिला होता. तो परत वर यायला हवा होता. एवढ्या मोठ्या मुंबईत हे कसं करतात हे कुणाला तरी माहीत असेलच, अशा आशेने मी पर्स उचलली.

अंधेरी

पहिली शाळा काचेची होती. गेटवर आमचा फोटो काढला, गळ्यात पाहुण्यांची पट्टी अडकवली आणि सावंत सरांची शिटी जमा करून घेतली. तीस वर्षांत ती शिटी त्यांच्या गळ्यातून उतरलेली मी पहिल्यांदा पाहिली. माणूस एकदम बारीक दिसायला लागला.

तिथल्या समुपदेशक रिया मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या आणि स्वभावाने फार गोड. त्यांनी सांगितलं की इथे टीचर असं कोणी नाही, सगळे फॅसिलिटेटर आहेत. मग शिकवतं कोण, असं सरांनी विचारलं. मुलं स्वतःच शिकतात, असं उत्तर मिळालं. सर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बाई, ह्यां काय खरां नाय."

भिंतीवर भावनांचं एक रंगीत चक्र होतं. सहावीतला एक चुणचुणीत मुलगा आम्हाला ते समजावून सांगायला आला. दर मंगळवारी आम्ही रागावर काम करतो, म्हणाला. मी विचारलं, राग सोमवारी आला तर? त्याने जराही न अडखळता सांगितलं, "मंगळवारपर्यंत होल्ड करायचा."

मग आम्हाला 'शांत कोपऱ्यात' नेलं. तिथे खुर्च्या नव्हत्या, जमिनीवर मोठमोठ्या पिशव्या होत्या. बीन बॅग हा शब्द मी ऐकला होता, पण गाठ कधी पडली नव्हती. मी आपली नेहमीसारखी बसले, आणि बसतच गेले. गुडघे कानाला लागले. साडी, पर्स आणि मुलांकडून भरून घ्यायच्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन मी त्या पिशवीत अशी काही रुतले की मान तेवढी हलत होती. सर हात द्यावा की नाही याचा सभ्यपणे विचार करत राहिले आणि तोवर मी आणखी दोन इंच खाली गेले. शेवटी आठवीच्या दोन मुलींनी एक-एक हात धरून मला ओढून काढलं.

तोवर त्या मुली आमच्याशी 'येस मॅम'पलीकडे काही बोलल्या नव्हत्या. मला बाहेर काढल्यावर मात्र त्या इतक्या हसल्या, आणि मग मीही, की पुढची वीस मिनिटं त्या आपणहून बोलत होत्या. कुणाशी जमत नाही, घरी कशावरून वाद होतात, कुणी व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं, सगळं. रिया मॅडम कौतुकाने बघत होत्या. त्यांना वाटलं बीन बॅगचा परिणाम.

जाता जाता मी माझा प्रश्न विचारून घेतला. मुलीला विनाकारण रडू येत असेल तर काय करता? त्यांनी सांगितलं की त्यासाठी ऑनलाइन फॉर्म आहे, मुलीने भरायचा, दोन दिवसांत वेळ मिळते. मी वहीत 'फॉर्म' असं लिहिलं आणि त्यापुढे काय लिहावं ते सुचेना. खायला मखाणे आणि दुधाशिवायचा गवती चहा होता. सरांनी मखाणे संपवले आणि आता खायला काय आहे, असं विचारलं.

घाटकोपर

दुसऱ्या दिवशी मेट्रोने पलीकडे उतरलो. सर टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि इलेक्ट्रालची पाकिटं घेऊन आले होते. मी म्हटलं, सर, घाटकोपर आहे, गडचढाई नाही. ते म्हणाले, परक्या मुलखात तयारी असलेली बरी.

शाळा चढावरच्या वस्तीत होती. दोन पाळ्या, एका वर्गात दुसऱ्या वर्गाचा आवाज, मध्ये फक्त पत्रा. इथे एक तास मला फार आवडला. आठवड्यातून एकदा आठवीची मुलं सहावीला शिकवतात. एकदा बाई आल्या नव्हत्या म्हणून सुरू झालं आणि मग मुलांनी बंदच करू दिलं नाही. आठवीतली निकिता नावाची मुलगी ओढणीच्या घड्या घालून चार पोरांना अपूर्णांक शिकवत होती. अर्धा, पाव, एक अष्टमांश. ओढणी उलगडली की सगळे मिळून पूर्ण एक. तीस वर्षं मी फळ्यावर भाकरी काढतेय आणि दर वर्षी तीन-चार पोरं भाकरीतच अडकतात. इथे एकही अडकला नाही. आराखड्यात पहिली खरी ओळ मी तिथे लिहिली.

मग माझी प्रश्नावली. रात्रंदिवस डोकं खपवून तयार केली होती. शाळेत काय आवडतं, काय नको वाटतं, मनातलं कुणाशी बोलता, वगैरे. मुलांना बजावलं, नाव लिहू नका, मनमोकळं लिहा, कोण काय म्हणालं हे कुणाला कळणार नाही. मुलांनी माना डोलावल्या. मी कागद वाटले, वीस मिनिटं दिली आणि वेळ संपल्यावर सवयीने म्हटलं, "चला, हजेरी क्रमांकाने ओळीत आणून द्या."

मुलांनी आणून दिले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, शिस्तीत. आम्ही दोघं कौतुकाने वाचायला बसलो. शाळा खूप आवडते. सर्व शिक्षक प्रेमळ आहेत. गणित हा माझा आवडता विषय आहे. मनातलं आम्ही वर्गशिक्षिकांशी बोलतो. गठ्ठाभर तेच. माझे डोळे भरून यायच्या बेतात असताना निकिता अगदी आदराने म्हणाली, "बाई, नाव नको म्हणालात ना? मग आमचे नंबर लावून कशाला घेतले?"

वाट लागली माझी. सर इतके हसले की टोपी पडली. मग त्यांनी कामाची गोष्ट केली. सगळे कागद वर्गात परत दिले, नवे लिहायला सांगितलं, स्वतःच्या टोपीत टाकायला लावले आणि सर्वांसमोर पत्ते पिसतात तसे पिसले. या वेळी जे निघालं ते वेगळंच. मधली सुट्टी मुलींना बाथरूमच्या रांगेलाच पुरते, डब्याला पुरत नाही. आवाज फुटला म्हणून मुलं कविता म्हणत नाहीत. मनातलं कुणाशी बोलता याच्यापुढे बहुतेकांनी मैत्रीण किंवा मित्र लिहिलं होतं, एकाने 'कुत्रा', आणि चारपाच जणांनी रेघ मारली होती. एका कागदावर फक्त एक वाक्य होतं, पीटीच्या तासाला गणित घेऊ नका. तो कागद सरांनी घडी करून खिशात ठेवला.

निघताना निकिताला बाजूला घेऊन मी सानिकाचा प्रश्न सांगितला. तिने थोडा विचार केला. म्हणाली, "विनाकारण नसतं बाई. कारण असतं, सांगायला माणूस नसतो." मी वही काढली, पण लिहायची गरज वाटली नाही. ते वाक्य आजही तसंच पाठ आहे.

दुपारी खाऊगल्लीत डोसा खाल्ला. आमच्याकडे डोसा म्हणजे डोसा. इथे त्यावर चीज, शेजवान, कोबी, मका असं सगळं ओतून, कापून, नळ्या करून उभ्या ठेवतात. सरांना सुरमईची आठवण होत होती, तरी त्यांनी दोन संपवले. दुसरा संपता संपता ते खालमानेने म्हणाले, की चाळीस पोरं आठवडाभर त्या एका तासाची वाट बघतात, वर्गात ज्याला काहीच येत नाही त्यालाही मैदानावर काहीतरी येतं, आणि तोच तास तुम्ही उचलून नेता. आवाज चढला नव्हता. मी म्हटलं, यापुढे नाही घेणार. ते म्हणाले, लिहून द्या. मी टिश्यू पेपरवर लिहून दिलं, खाली सही केली. तो कागदही खिशात गेला.

भांडुप

तिसऱ्या दिवशी भांडुप. स्टेशनपासून रिक्षा निम्म्या चढापर्यंत गेली आणि पुढे तुम्हीच जा म्हणाली. चढ असा की समोरून येणाऱ्याची आधी चप्पल दिसते, मग माणूस. अर्ध्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका घरापुढे पाणी भरणारी बाई काही न विचारता आत गेली आणि सेफ्टी पिन घेऊन आली. आमच्या सेक्टरात आधी कुठल्या बिल्डिंगमधल्या असं विचारलं असतं.

गायकवाड बाई शाळेच्या दारातच उभ्या होत्या. दहा वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि दोन्ही दिवस आम्ही आवळासुपारीवर काढले होते. मूळच्या बीडकडच्या, भांडुपला लग्न करून आलेल्या. त्यांनी हसून विचारलं, "पासपोर्ट आणलात का?" आणि सरळ सातवीच्या वर्गात नेऊन मागच्या बाकावर बसवलं.

त्यांनी हजेरी सुरू केली. पहिला मुलगा उठून म्हणाला, "हजर, पण झोप आलीय. पाणी पहाटे आलं." बाईंनी मान हलवली, पुढचं नाव घेतलं. "हजर, पण डबा विसरलाय." "हजर, पण प्रणालीशी बोलत नाहीये." प्रणाली चार नावांनंतर आली, "हजर, पण सुरुवात तिने केली." कुणी नुसतंच हजर म्हणालं, तेही चाललं. बाई कुणालाही काही विचारत नव्हत्या, समजावत नव्हत्या, फक्त ऐकून पुढे जात होत्या. डबा विसरलेल्याच्या बाकावर आपोआप अर्धी पोळी सरकली.

शेवटचं नाव झालं. मी वही मिटणार तेवढ्यात बाईंनी हजेरीपट मिटून स्वतःच म्हटलं, "गायकवाड. हजर, पण गुडघा दुखतोय, आज फळ्यावर तुम्ही लिहा." मग पहिल्या बाकावरची एक मुलगी मागे वळली आणि म्हणाली, "आणि पाहुण्या बाई?"

सगळा वर्ग वळला. मी उभी राहिले. प्रस्तावना करायची सवय आहे, पण ती काही येईना. म्हटलं, "हजर. पण एका मुलीला मी उत्तर द्यायचं टाळलंय, आणि ते डोक्यातून जात नाही." कुणी हसलं नाही. सर उठून म्हणाले, हजर, पण चढाने जीव काढला, तेव्हा मात्र हसले.

मधल्या सुट्टीत बाईंचा डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी. भाकऱ्या त्यांचे यजमान निवृत्त झाल्यापासून थापतात आणि बाईंपेक्षा गोल थापतात. मी विचारलं, हे हजेरीचं कुठल्या पुस्तकात आहे? त्या म्हणाल्या, पुस्तक कसलं, एकदा एक पोरगा म्हणाला, हजर पण लक्ष नाही. कानफटात द्यायला हात उचलला होता, आणि जाणवलं की लक्ष तर माझंही नाही. सकाळीच घरी भांडून निघाले होते. म्हणून त्याला म्हटलं, माझंही नाही रे. दुसऱ्या दिवसापासून सगळेच सांगायला लागले. मी त्यांना सानिकाचं विचारलं, उत्तर काय द्यायचं? त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "तुम्हाला येत नाही का कधी रडू?" तेवढंच. मग चटणी पुढे केली.

परत चारकोप

सोमवारी आराखडा दिला. आठवीने सहावीला शिकवायचा तास, पहिल्या तासाला पीटी म्हणजे पोरं जागी होतील, मुलींसाठी दहा मिनिटं लांब सुट्टी, शनिवारची चाचणी नको, आणि रोज पहिली पंधरा मिनिटं हजेरी. ठरलेल्या तक्त्यात साधने या रकान्यात मी 'हजेरीपट' लिहिलं आणि मूल्यमापनाचा रकाना रिकामा सोडला. राणे बाई म्हणाल्या, मूल्यमापन रिकामं ठेवता येत नाही. मी पेन घेऊन लिहिलं, 'हात वर येतो का ते बघणे.' त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सहामाहीपर्यंत करून बघा, म्हणाल्या, नाहीतर शनिवार माझा.

माझ्या सातवीच्या मुलांना आधी वाटलं मी काहीतरी डाव टाकतेय. हे परीक्षेला आहे का बाई, याला मार्क किती बाई, सगळं विचारून झालं. तीन दिवस सगळे "हजर, पण काही नाही" म्हणत राहिले. चौथ्या दिवशी एकाने भूक लागल्याचं सांगितलं, मग कुणाची मांजर हरवली, कुणाचं बाबांशी वाजलं, आणि गाडी सुरू झाली. सानिका मात्र रोज उठायची, "हजर" म्हणायची आणि बसायची. 'पण' नाही, काही नाही. दोन आठवडे असेच गेले. सहामाही जवळ येत होती, शनिवार डोळ्यांसमोर नाचत होता, पण खरं सांगते, मला काळजी त्या एका हाताची होती.

शेवटी स्टाफरूममध्ये सरांना म्हटलं, काहीतरी चुकतंय, अगदी गायकवाड बाईंसारखंच करतेय. ते शिटी पुसत होते. म्हणाले, "बाई, गायकवाड बाई शेवटी स्वतःचा नंबर घेतात. तो तुम्ही खाल्लात. माझ्या तासासारखा." भांडुपचं सगळं मी उतरवून आणलं होतं, नेमकं तेवढं सोडून. आणि सोडलंय हे दोन आठवडे कळलंही नव्हतं, कारण हजेरी मी घ्यायची असते, द्यायची नसते, हे हाडात मुरलेलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचं नाव झालं आणि मी हजेरीपट मिटला. पोरं दप्तरं उघडायला लागली. मी म्हटलं, "माझी राहिली." वर्ग थांबला.

"हजर. पण काल संध्याकाळी भाजी चिरताना मला विनाकारण रडू आलं. भेंडी होती, कांदा नव्हता."

कुणी हसलं नाही. मी उगाच खडू शोधायला लागले, सापडलेला परत ठेवला, डस्टर उचललं. वळले तर दुसऱ्या बाकावरून हात वर आला होता. पूर्ण वर नाही, खांद्याएवढाच. मी मान हलवली.

"बाई," सानिका म्हणाली, "कुठल्या ग्रंथीमुळे?"

डस्टर खाली ठेवलं, टेबलामागची खुर्ची ओढून तिच्या बाकाशेजारी आणली आणि बसले. या वेळी बसल्यावर रुतायची भीती नव्हती.

"सांगते," मी म्हटलं. "हे परीक्षेला नाही, तेव्हा नीट ऐका."